पंचवीस अक्षरांचा तपशील

माझं पहिलं सॉफ्टवेअर माणसं कशी वापरतात, हे मला हळदीनं सांगितलं.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका अडत पेढीवर १ एप्रिल २००० ला ते सुरू झालं. हंगाम ओसरल्यावर, जूनच्या पहिल्या पावसात मी पेढीवर गेले, तर पांढरा कीबोर्ड पांढरा राहिला नव्हता. एंटरची कळ जेजुरीहून आल्यासारखी पिवळी. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा पिवळ्या, त्यांत शून्य आणि पाच सगळ्यांत जास्त. एफ-टू, एफ-फाइव्ह पिवळ्या. एफ-सेव्हनपासून पुढं मात्र सगळं कोरं. एफ-सेव्हनवर मी गाववार आवकेचा रंगीत आलेख ठेवला होता. तो करायला मला अकरा दिवस लागले होते आणि त्या कळेला एकाही बोटाची हळद लागली नव्हती.

ती हळद अण्णांच्या बोटांची. अण्णा त्या पेढीचे दिवाणजी. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं: निळं जमेसाठी, लाल दुरुस्तीसाठी. लाल पेनाची शाई कधी संपलेली मी पाहिली नाही. मुलाखतीत कुणी विचारलं की प्रोग्रॅमिंग कुठं शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगते. ते खोटं नाही. पण कॉलेजची फी मी भरली होती, पावती घेतली होती. तो व्यवहार तिथंच मिटला. अण्णांचं खातं मात्र अजून चालू आहे, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही.

१९९९ साली मी बी.सी.एस. होऊन मिरजेला घरी बसले होते. आम्ही शिकलो होतो यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रोग्रॅम विचारणार, आपण उत्तर देणार, प्रोग्रॅम संपणार. वरून सुरू झाला की खाली जाऊन थांबणार, आरतीसारखा. एका क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकले, तिथंही तेच: अमुक ओळीवर अमुक रकान्यात ‘से’, मग ‘गेट’, शेवटी ‘रीड’. माणसानं कुठल्या क्रमानं काय भरायचं, ते प्रोग्रॅम ठरवणार.

विंडोजनं हा कारभार उलटा केला. तिथं प्रोग्रॅम दार उघडून बसतो. कोण कधी कुठलं बटण दाबेल, त्याच्या हातात काही नसतं. क्लासच्या कपाटात चार्ल्स पेटझोल्डचा जाडजूड ग्रंथ होता, ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’. त्यातला सुरुवातीचाच एक धडा म्हणजे एक खिडकी उघडायची आणि तिच्यात एक वाक्य दाखवायचं. त्याला पाऊणशेच्या आसपास ओळी. त्या मी सगळ्या टाइप केल्या, खिडकी उघडली, आणि तिच्यातलं काय कशामुळं घडतंय हे मला ओ की ठो कळलं नाही. मग सरांनी व्हिज्युअल बेसिक दाखवलं. बटण उचलायचं, फॉर्मवर टाकायचं, त्याच्यावर दोनदा टिचकी मारायची आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते लिहायचं. हे चित्रासारखं मांडायचं तंत्र मुळात अ‍ॅलन कूपर नावाच्या एका बाहेरच्या माणसानं करून मायक्रोसॉफ्टला विकलं होतं. त्याला बेसिक भाषेची जोड मिळाली आणि १९९१ साली व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. आमच्यापर्यंत पोचली ती १९९८ ची सहावी आवृत्ती. पंधरा मिनिटांत मी एक बेरीज-वजाबाकीचा फॉर्म केला आणि मला वाटलं, झालं. आलं आपल्याला.

क्लासच्या सरांनीच पेढीच्या शेठना माझं नाव सुचवलं. पेढीवर नवा कॉम्प्युटर आला होता. विंडोज ९८, बत्तीस एमबी रॅम, टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. शेठ म्हणाले, शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पट्टी, रोजकीर्द, खतावणी आणि सगळ्या खात्यांच्या बाक्यांची तेरीज, एवढं यातून निघालं पाहिजे. आठ हजार रुपये ठरले. आतल्या गादीवर उतरत्या मेजांसमोर चौघं लिहीत बसले होते: अण्णा, दोन लेखनिक, आणि अण्णांचा भाचा. भाच्याचं वय माझ्याएवढंच. पट्ट्या तोच लिहायचा. अक्षर असं, की शेतकरी घरी नेऊन पट्टी फ्रेम करून लावेल.

अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “हे चालू झालं की किती माणसं लागतील?”

“एक,” मी म्हणाले. म्हणताना मी अण्णांकडे नाही, शेठकडे बघत होते.

त्या एका शब्दाचा हिशोब पुढं येईल.

पहिल्यांदा प्रोग्रॅम घेऊन गेले ती आठ फ्लॉप्या पिशवीत घालून, मिरज-सांगली सिटी बसनं. प्रोग्रॅम माझा एवढासा, पण त्याच्यासोबत व्हिज्युअल बेसिकचं बिऱ्हाड न्यावं लागायचं. त्यातली एकच डीएलएल जवळजवळ अख्खी फ्लॉपी खायची. सहावी फ्लॉपी वाचता येईना. परत मिरज. दुसऱ्या दिवशी सगळ्या फ्लॉप्या चालल्या, सेटअप झाला, आयकॉनवर टिचकी मारली, तर निरोप आला की तक्ता दाखवणारी ओसीएक्स या मशीनवर नोंदलेली नाही. माझ्या घरच्या मशीनवर ती आधीपासून होती, म्हणून मला तिची गरज कधी जाणवलीच नव्हती. शेठ बाहेर सौद्याला गेलेले. अण्णांनी चहा मागवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “घरी चालतंय, हितं चालत न्हाई. मग शेतकऱ्यांनाच तुझ्या घरी पाठवू का?”

या धंद्यातल्या थोरामोठ्यांनी हा विनोद नंतर मला अनेकदा ऐकवला. अण्णांकडून ऐकला तेव्हा तो विनोद आहे हेच मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला प्रोग्रॅम उघडला. अण्णांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी शेतकऱ्याच्या खात्याचा नंबर टाइप केला आणि एंटर दाबलं. ‘जतन करा’ हे बटण मी डिफॉल्ट करून ठेवलं होतं, म्हणजे कुठूनही एंटर दाबलं की तेच दाबलं जाणार. वजन नाही, भाव नाही, नुसता नंबर असलेली पट्टी जतन झाली आणि पडद्यावर आलं: ‘नोंद झाली’.

अण्णा माझ्याकडं वळले. “मी अजून बोललोच न्हाई, ह्यानं उत्तर दिलं.”

“अण्णा, पुढच्या चौकोनात जायला टॅब दाबायचं. एंटर नाही.” हे मी शिकवण्याच्या सुरात सांगितलं. विंडोजचा नियमच तसा आहे, जगात सगळीकडं तसंच आहे, हेही वर सांगितलं. अण्णांनी मान डोलवली आणि पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा ‘नोंद झाली’. तीन दिवस हेच. मला वाटू लागलं, मुद्दाम करताहेत. मशीन नको आहे त्यांना.

चौथ्या दिवशी वीज गेली. यूपीएसची पिरपिर थांबेपर्यंत मी फाइल बंद केली आणि मग करण्यासारखं काही नव्हतं म्हणून अण्णांच्या शेजारी गादीवर बसले. ते वहीत नोंदी करत होते. काट्यावरून आलेल्या चिठ्ठ्यांची चळत डाव्या बाजूला. डाव्या हाताचं पहिलं बोट चिठ्ठीतल्या ओळीवर टेकलेलं, उजवा हात लिहितो आहे. एक आकडा लिहून झाला की बोट एक ओळ खाली. पेन आणि बोट, जात्याच्या दोन तळ्यांसारखी, एकमेकांना धरून चाललेली. ओळ सुटू नये म्हणून ते बोट तिथं होतं. चाळीस वर्षं तिथंच होतं. आणि मी त्या बोटाला सांगत होते की तू तिथून ऊठ, कीबोर्डच्या डाव्या टोकाला जा, टॅब दाब, परत ये आणि ओळ शोध.

त्या रात्री मी चार ओळी लिहिल्या. फॉर्मची ‘की प्रिव्ह्यू’ ट्रू केली. फॉर्मच्या की-प्रेसमध्ये लिहिलं: दाबलेल्या कळेचा अ‍ॅस्की तेरा असेल, म्हणजे एंटर असेल, तर ‘सेंड-कीज’नं टॅब पाठव, आणि मूळच्या तेराचं शून्य करून टाक, नाहीतर मशीन प्रत्येक वेळी टुंग करतं. डिफॉल्ट बटण काढलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पट्टी भरली. डावं बोट चिठ्ठीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. एंटर, एंटर, एंटर. वेग बघून भाचा लिहायचं थांबून बघत राहिला. अण्णा काही म्हणाले नाहीत. फक्त दुपारी डबा उघडल्यावर त्यांनी माझ्यापुढं झाकणात शेंगदाण्याची चटणी ठेवली.

माउस त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केला होता. “गोदामात आहेत तेवढे उंदीर पुरेत.” म्हणून मग सगळं कळांवर आणलं. पुढं वर्षानुवर्षं मी जे काही बनवलं, त्यात पहिली चाचणी हीच घेत आले: माउस काढून ठेवायचा आणि एका हातानं सगळं काम होतं का बघायचं.

मार्चमध्ये आम्ही वह्या आणि मशीन शेजारी शेजारी चालवलं. हळदीचा ऐन हंगाम. संध्याकाळी अण्णा पट्ट्यांच्या कार्बन प्रतींची बेरीज हातानं करायचे आणि मशीनमधल्या रोजकीर्दीशी लावून बघायचे. पहिल्या दिवशी फरक एक रुपया. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी पुन्हा दोन.

“अण्णा, रुपया-दोन रुपयांचं काय एवढं?” मी म्हटलं. मला सहाच्या बसची घाई होती.

“रुपयाचं काही न्हाई. पण जमेत पाचशे चुकले आणि नावेत चारशे नव्व्याण्णव, तरी खाली फरक रुपयाचाच दिसतो. वर काय मरून पडलंय ते रुपया सांगत न्हाई.”

मग त्यांनी मला फरक शोधायच्या त्यांच्या युक्त्या सांगितल्या. फरकाला नवानं भाग जातो का बघायचं. जात असेल तर आकडे उलटे पडलेत, चोपन्नचे पंचेचाळीस झालेत. फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढी रक्कम कुठं आहे ते शोधायचं; असली तर जमेची नोंद नावेच्या बाजूला गेली आहे. यातलं काहीच लागू पडेना. तेव्हा त्यांनी न जुळणाऱ्या पट्ट्या बाजूला काढायला सुरुवात केली. छापलेली पट्टी एका हातात, पडद्यावरची नोंद समोर. पावणेआठला सहा पट्ट्या मेजावर ओळीनं लागल्या होत्या. हमालीच्या रकमेवर लाल टिंब.

“ह्या बघ. साडेबारा. साडेचौदा. साडेवीस. साडेबारा. सगळे जोडच आहेत. एकपण साडेतेरा न्हाई, साडेपंधरा न्हाई. तुझ्या मशीनला साडेबारा आणि साडेतेरा वेगळे कसे काय वाटतात?”

सहाची बस केव्हाच गेली होती. सरांच्या पुण्यातल्या मित्राकडून मागून आणलेल्या एमएसडीएनच्या दोन सीड्या माझ्याकडं होत्या. घरी जाऊन एफ-वन दाबलं. रक्कम नोंदताना मी वापरलेल्या ‘सीइंट’च्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: अपूर्णांक बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम आकड्याला पूर्ण करतो. साडेबाराचे बारा, साडेतेराचे चौदा. छापताना मात्र मी ‘फॉरमॅट’ वापरलं होतं, आणि ते आपल्यासारखंच अर्ध्याला वर नेतं. म्हणून शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर तेरा आणि मशीनमधल्या रोजकीर्दीत बारा. जे मी वाचायला हवं होतं, ते अण्णांनी न वाचता लाल पेनानं शोधून काढलं होतं.

अर्ध्या रुपयांची अशी वाटणी केली की मोठ्या बेरजांमध्ये चढ-उतार एकमेकांना खातात, याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, असं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अण्णा हसले. “चाळीस वर्षं बँकेत जातोय. तिथं कुणी असं केलं तर मॅनेजर त्याला घरी पाठवील.”

अक्षरांची गंमत आणखी वेगळी. पट्टी मराठीतच निघायला हवी. तेव्हा आमच्याकडं युनिकोड नव्हतं, फॉन्ट असायचे. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. दिसायला झक्क. मी मोठ्या अभिमानानं शेतकऱ्यांची अकारविल्हे यादी छापून दिली. अण्णांनी पाहिली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. शिवाजी, विठ्ठल, किसन, जिजाबाई, हिंदुराव, सगळे एका ठिकाणी गोळा झाले होते, एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखे. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती आधी काढली जाते. मशीनच्या दृष्टीनं या सगळ्यांची नावं वेलांटीपासूनच सुरू होत होती. मी दोन रात्री जागून वेलांटी उचलून अक्षरामागं नेणारा कोड लिहायला घेतला. जोडाक्षरं आली की तो कोसळायचा.

“कशापायी करायलीस एवढं?” अण्णा म्हणाले. “शिवाजी पाटील एका गावात सात आहेत. नावानं कोण शोधतंय? पान एकशे चौदा म्हण. माणूस मरेपर्यंत त्याचं पान बदलत न्हाई.”

डेटाबेसच्या पुस्तकात याला प्रायमरी की म्हणतात आणि तिच्यावर एक प्रकरण असतं. मी ते प्रकरण परीक्षेला पाठ केलं होतं.

‘काढून टाका’ हे बटणही त्यांनीच काढायला लावलं. कीर्दीत चुकलं तर खोडायचं नाही. खाडाखोड म्हणजे संशय. उलट नोंद करायची, दोन्ही दिसू द्यायच्या. आणि ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं विचारणाऱ्या माझ्या पेट्या. प्रत्येक नोंदीला एक. अण्णा त्या न वाचता एंटर मारायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. नव्वद वेळा उगाच विचारणाऱ्याचं एक्याण्णवाव्या वेळी कोण ऐकतो?

१ एप्रिलला वह्या बंद झाल्या. अण्णांची एक मात्र चालू राहिली. संध्याकाळच्या बेरजांपुरती, वर्षभर. तेव्हा मला त्याचा राग यायचा. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या चळतीशेजारी सीपीयू ठेवला, मॉनिटरवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, कीबोर्डवर हळद वाहिली. ती वेगळी वाहायची गरज नव्हती. मला पेढ्यांचा बॉक्स आणि ठरल्यापेक्षा हजार रुपये जास्त मिळाले.

पाडव्यानंतर मी एका दुरुस्तीसाठी गेले, तर गादीवर दोनच मेजं होती. एका लेखनिकाला आणि भाच्याला शेठनी दिवाळीनंतर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. यात शेठचं वावगं काही नव्हतं, बाजारात सगळीकडं हेच चाललं होतं. पण ‘एक’ असं सांगणारी मी होते, न विचार करता, ऐटीत, आणि तेही त्या मुलासमोर. पट्टीतले रकाने किती रुंद ठेवायचे हे मला त्यानंच फूटपट्टीनं मोजून दाखवलं होतं. छापलेल्या पट्टीचा साचा आजही त्याच्या हाताचा आहे.

अण्णांना मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी बोटानं थांबवलं. “ते राहू दे. तेरजेत गेल्या वर्षाची बाकी दोनदा येतीय, ते बघ आधी.” आणि शेजारची खुर्ची माझ्याकडं सरकवली. त्यानंतरही ते शिकवत राहिले. ज्या यंत्रानं त्यांच्या घरातल्या पोराचं काम घेतलं, ते यंत्र नीट चालावं म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी चूक शोधत होता. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला वाटलं, चला, त्यांनी फार मनावर घेतलं नाही.

२००१ मध्ये मी पुण्याला आले. पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही, म्हणजे पगाराच्या दृष्टीनं आहे, पण या लेखाच्या दृष्टीनं नाही. डॉट नेट आलं, व्हिज्युअल बेसिक मागं पडलं, सी-शार्प आलं. मग सगळ्यांनाच सगळं ब्राउझरमध्ये हवं झालं. मी मात्र डेस्कटॉपची कामं धरून राहिले: दवाखान्यांची, छापखान्यांची, पतसंस्थांची. जिथं समोर माणूस बसून दिवसभर एकच पडदा वापरतो, तिथंच माझं मन लागतं. नव्या ठिकाणी गेले की पहिले दोन दिवस मी लॅपटॉप उघडत नाही. माणसाचा डावा हात काय करतो ते बघते. टीममधली मुलं याला माझी काहीतरी शास्त्रशुद्ध पद्धत समजतात.

२००५ च्या पुरात गणपती पेठेत पाणी शिरलं, तेव्हा पेढीचा कॉम्प्युटर गेला. डेटा वाचला, कारण अण्णा रोज रात्री त्याची सीडी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी नेत. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं, तेही महिन्याभरानं. मी भेटायला जाणार होते. कोण नसतं जाणार?

२०१० मध्ये शेठच्या मुलाचा फोन आला. नवं मशीन घेतलंय, विंडोज सेव्हन आहे, तुमचं सॉफ्टवेअर उघडतं पण चौकोनात आकडा भरून एंटर मारलं की बंद पडतं. रन-टाइम एरर सत्तर, परमिशन डिनाइड.

मला फोनवरच कळलं. अण्णांच्या बोटासाठी लिहिलेली ती ओळ. एका प्रोग्रॅमनं परस्पर कळा दाबाव्यात हे नव्या विंडोजला सुरक्षित वाटत नव्हतं, म्हणून ‘सेंड-कीज’ला त्यांनी मज्जाव केला होता. फोनवरून सांगून किंवा ई-मेलनं फाइल पाठवून भागलं असतं. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेले.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. ‘सेंड-कीज’च्या जागी विंडोजचं एक जुनं फंक्शन घातलं, नवी फाइल बनवली, चालवून बघितलं. एंटर, एंटर, एंटर. चालतंय का बघायला खतावणी उघडली आणि पहिलीच पानं चाळली. पान सात अण्णांचं निघालं. नोकरांच्या उचलीचं खातं.

डिसेंबर २००० पासून दर महिन्याच्या पाच तारखेला एक नोंद. नावे, सातशे रुपये. तपशिलात दर वेळी तेच: ‘भाच्याच्या रिक्षाच्या हप्त्यासा’. तिथं वाक्य तुटत होतं. तपशिलाचा रकाना मी पंचवीस अक्षरांचा ठेवला होता, आणि त्या फॉन्टमध्ये काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं अक्षर धरलं जायचं. त्या काळी मला पंचवीस पुष्कळ वाटले होते. नोंदी सगळ्या अण्णांनीच केलेल्या. म्हणजे दर पाच तारखेला त्यांनी हे वाक्य टाइप केलं होतं आणि दर वेळी शेवटचं अक्षर उमटलं नव्हतं, आणि मला कधी बोलले नव्हते. बाकी सगळ्यासाठी बोलले होते.

पगारातून थोडं थोडं वळतं होत होतं. ते गेले तेव्हा सहा हजार चारशे रुपये बाकी होते. पुढं प्रत्येक १ एप्रिलला एक ओळ: मागील बाकी, नावे ६,४००. २००८. २००९. २०१०.

“हे अजून येतं?” मी विचारलं.

“येतं की दरवर्षी. बाबांनी तोंडी कधीच सोडून दिलंय ते. पण खातं बंद करायची सोयच न्हाई ना यात.” तो जरा संकोचून हसला. “म्हटलं, मॅडमना कशाला त्रास द्यायचा.”

खातं बंद करायची सोय. ती मी केलीच नव्हती. अण्णांनी कधी मागितली नव्हती आणि मला सुचली नव्हती.

त्यानं फीचं विचारलं. मी दीड हजार म्हणाले आणि म्हणाले की ते मला देऊ नका, पान सातला जमा करा.

“अहो, कशाला? ते आता कोण मागतंय?”

“करा.”

त्यानं कीबोर्ड ओढून घेतला. हा कीबोर्ड काळा होता, त्यावर हळद तितकीशी दिसत नव्हती. सात, एंटर. जमा, एंटर. पंधराशे, एंटर. कर्सर तपशिलाच्या रकान्यात जाऊन लुकलुकत उभा राहिला.

“तपशिलात काय लिहू, मॅडम?”

पंचवीस अक्षरं, काना-मात्रा-वेलांटी धरून. मी बोटांवर मोजू लागले.